तळाचं वरण

माय, माझं पोट आता लहान झालंय. नाशिकच्या डॉक्टरांनी त्याचा मोठा भाग कापून काढला आणि जो ठेवला त्यात एका वेळी जेमतेम वाटीभर अन्न मावतं. तुला समोर बसून हे सांगितलं असतं तर तू कपाळाला हात लावला असतास. चांगलं पोट कोणी कापून घेतं का, असं म्हणाली असतीस. पण तू गेलीस तेव्हा मी सडपातळ पोरगी होते. नंतरचं माझं वजन, साखर, दुखरे गुडघे, कॉलेजच्या कार्यालयाचा जिना थांबत थांबत चढणं, यातलं काही तू पाहिलं नाहीस. पुष्कळ उपाय करून थकले, मग हा केला. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

ऑपरेशन निभावलं, अवघड होतं ते पुढचं. दवाखान्यात आहार सांगायला एक मुलगी असते. तिने बजावलं होतं की रोज साठेक ग्रॅम प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे; ताटातलं प्रोटीन आधी, भाकरी आणि भात शेवटी, तेही जागा उरली तर. पाण्यात कालवून प्यायची पावडर दिली, व्हॅनिलाच्या वासाची. काही दिवस नाक दाबून प्याले. मग डब्याचं झाकणही उघडवेना, आणि मी तो डबा फळीवर मागे सरकवून दिला. त्यातच जी बाई भेटायला यायची ती एकच सांगायची, डाळीचं पाणी पी, ताकद येते. मला पटलं. बाळंतीण असो, तापातून उठलेला असो, दात पडलेला म्हातारा असो, आपल्याकडे सगळ्यांना डाळीचं पाणीच देतात. गिळायला सोपं, वर हिंग-लसणाचा ओळखीचा वास. घरच्यांना वाढून झालं की मी वरणाचं वरचं पाणी ओतून घ्यायचे आणि आपण पथ्य नीट पाळतोय या समाधानात राहायचे. वजन उतरत होतं, इथे धुळ्यात लोक कौतुक करत होते, आणि कंगव्यात केसांचे पुंजके येत होते. एके दिवशी कपाटातून फाइल काढताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी होते तिथेच खाली बसले.

पुन्हा त्या मुलीसमोर गेले. तिने मी काय काय खाते ते शांतपणे विचारून घेतलं. रागावली नाही. म्हणाली, "काकू, तुम्ही नुसतं पाणी पिताय. डाळ तर खाली राहते." बाहेरून मिळालं नाही की शरीर स्वतःचंच मांस खायला लागतं, हेही सांगितलं. पावडर बिनवासाची घ्या, दह्यात कालवा, पनीर खा, अंडं चालत असेल तर अंडं खा, वरण खायचं तर तळाचं घट्ट खा. आणि सगळ्यांचं झाल्यावर नाही, वेळ झाली की खा. मी मान हलवली, बाहेर येऊन बाकावर बसले आणि मला रडू आलं. केसांसाठी नाही, माय. डाळ खाली राहते म्हटल्याबरोबर मला तुझी पळी दिसली.

पाचोऱ्याचं घर. तू चुलीपाशी बसली आहेस, पदर कमरेला खोचलेला. आबा जेवायला बसलेत, शेजारी काका, मग आम्ही पोरं. प्रत्येकाला वाढताना तू पळी पार तळापर्यंत नेतेस, एकदा फिरवतेस आणि मग वर काढतेस. सगळे उठले की पातेलं तिरपं करून उरलेलं पिवळं पाणी भाकरीच्या काल्यावर ओतून घेतेस. कोणी काही म्हटलंच तर तुझं उत्तर ठरलेलं, "माले पातयच आवडस." एखाद्याला तिखट आवडतं, एखाद्याला गोड, तसं आमच्या मायला पातळ वरण आवडतं, हे आम्ही धरूनच चाललो. मला वाढता यायला लागलं तेव्हा एकदा मी पळी तळाला घातली आणि घट्ट वरण तुझ्या ताटात वाढलं. तू माझं मनगट धरलंस, ताट उचलून वरण पातेल्यात परत ओतलंस. "तुले काय समजस? सकायले पोरं काय खातीन?" मी गाल फुगवून बसले. परत कधी तसं वाढलं नाही.

तुझ्या शेवटच्या दुखण्यात गर्भपिशवीच्या ऑपरेशनचे टाके भरून येईनात. जळगावचे डॉक्टर म्हणाले, यांच्या अंगात काही राहिलंच नाही, चांगलं खायला घाला. आम्ही घातलं. मी पेला भरभरून डाळीचं पाणी आणून द्यायचे, गल्लीतल्या बायाही आणायच्या, आणि तू कोणाचं मन मोडत नव्हतीस. त्यानेच तू गेलीस असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. पण माय, मला तुझा राग येतो. आवडतं म्हणून का सांगितलंस? नाही पुरत, असं एकदा तरी म्हणायचं होतंस. तुझ्या त्या एका वाक्यावर आम्ही पोटभर जेवलो, आणि तुझं बघून मीही सगळ्यांच्या शेवटी, वरचं पाणी घेऊन बसायला शिकले.

यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेची सुट्टी धरून, माहेरी गेले. आपल्याकडची रीत तुला काय सांगायची, गोवरीच्या निखाऱ्यावर तुम्हा गेलेल्यांच्या नावाचा घास टाकून आगारी दिल्याशिवाय घरात कोणी तोंडात काही घालत नाही. पुरणपोळी, रस, भजी, कुरडई, सगळं तयार होतं, पण काकांची बस भडगावहून यायची होती. ऊन चढलं. माझी खायची वेळ टळून गेली आणि पुन्हा डोळ्यांपुढे अंधारायला लागलं. स्वयंपाकघरात वरणाचं पातेलं झाकून ठेवलं होतं. मी झाकण काढलं, पळी तळापर्यंत घातली, वाटीत घट्ट वरण घेतलं आणि तिथेच भिंतीला टेकून सावकाश खाल्लं. वहिनी दारात आली, तिने पाहिलं. तिने बाहेरून दार ओढून घेतलं.

काका आल्यावर भाऊ नैवेद्याचं पान वाढायला बसला. शेवटी तो नेहमीप्रमाणे एक वाटी घेऊन पातेल्यातलं वरचं पाणी ओतायला लागला. तुझ्यासाठी म्हणून ही वाटी दर आखाजीला वेगळी असते. मी त्याला म्हटलं, घट्ट वाढ. त्याने आश्चर्याने पाहिलं.

"अक्का, मायले पातयच आवडे ना?"

"तिना वाटाले घट्ट कधी उनंच नही, भाऊ."

त्याने वाटीतलं पाणी परत पातेल्यात ओतलं. त्याच्याही डोळ्यांपुढे तू पातेलं तिरपं करत असशील. म्हणाला, "मंग इतला वरीस आपुन मायले पानीच दिधं?" काकांनी मान खाली घातली. मग भावाने पळी तळाला नेली, तुझ्यासारखी एकदा फिरवली आणि वाटी भरली. निखाऱ्यावर तूप पडलं, पोळीचा घास पडला, आणि वरण पडलं तेव्हा ते लवकर जळेना. चुरचुरत राहिलं. घरभर त्याचा वास झाला. मी त्या धुरात उभी राहिले आणि मला बरं वाटलं.

आता मी वेळेवर खाते. पावडर बदलली, दह्यात कालवते, चव लागत नाही पण जाते. केस गळायचे कमी झालेत. हे तुला लिहिलेले कागद आगारीवर टाकावेत असं एकदा मनात आलं होतं, पण कागद जळला म्हणजे पोचला, असं मला काही वाटत नाही. ते त्या व्हॅनिलाच्या डब्यात ठेवून देणार आहे, तो कोणी उघडत नाही. एकच सांगायचं राहिलं. त्या दिवशी भावाने तुझ्या वाटीत घातलं ते मी खाऊन उरलेलं होतं. म्हणजे यंदाही, माय, तू माझ्या मागूनच जेवलीस. भावाला मी हे सांगितलेलं नाही.