साडूचं कार्ड

ता. ९, गुरुवार
दुपार, दुकानात

प्रिय ताई,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे सगळं मनातल्या मनात घातलं असं समज. इथे खरंच साष्टांग घालायचा तर आधी शिलाई मशीन बाहेर न्यावं लागेल, एवढंच आमचं दुकान. समोर पँटींचा ढीग पडलाय. सगळ्या खालून आखूड करायच्या. या देशातल्या माणसांचे पाय दुकानात गेल्यावर लांब होतात आणि घरी आल्यावर आखूड होतात की काय, देव जाणे.

रोज फोन होत असताना ही बया पत्र का लिहायला बसली, असं तुला वाटेल. अगं, तुमच्याकडे फोन वाजला की तुझ्या सासूबाई आधी स्पीकर लावतात, शेजारच्या काकू खुर्ची ओढून बसतात आणि मग कुठे तू "बोल गं" म्हणतेस. त्या भरल्या सभेत मी काय बोलणार, कपाळ! दाजींच्या कामावरचा वेल्डर गावी निघालाय. त्याच्या हाती हे पाकीट देईन. एकटी असताना वाच.

इकडे सगळं ठीक. ह्यांचं गोडाऊनचं काम चालू आहे. खोलीचा नळ गळतो तो गळतोच आहे. घरमालक रोज "उद्या" म्हणतो. हा शब्द सगळ्या जगात सारखाच दिसतो.

दाजींचं पोटाचं ऑपरेशन झालं हे तुला माहीतच आहे. अपेंडिक्स होतं, दुसरं काही नाही. हॉस्पिटल चकाचक आहे, फरशीत तोंड दिसतं. सिस्टर लोक जिवापाड करतात. घसा फार बसलाय म्हणून बोलता येत नाही, नाहीतर मीच फोन लावून दिला असता. चिमीला सांग, बाबा पोट कमी करून येणार आहेत, आता त्यांना ढेरपोट्या म्हणायचं नाही.

गिऱ्हाईक आलं. बाकीचं नंतर लिहिते.


ता. १५, बुधवार
हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये

ताई,

वेल्डरचं तिकीट पुढे गेलं, म्हणून पाकीट माझ्याजवळच राहिलं. वरचं पान फाडून टाकणार होते. नाही फाडलं. तुझी बहीण किती सफाईने खोटं बोलते ते तुलाही दिसू दे.

घसा बसलेला नाही. घशात नळी आहे. दाजी स्वतः श्वास घेत नाहीत, यंत्र घेतं. वरचं पान लिहिलं तेव्हाही तसंच होतं. ह्यांचं कामही चालू नाही. हे तेव्हापासून खोलीत पडदे लावून बसलेत. ते का, ते सांगायलाच हे दुसरं पान घेतलंय, पण पेन पुढे सरकत नाही. चहा मागवला, तोही गार झाला.

आधीपासून सांगते. दाजींची लिफ्टची कंपनी बंद पडली हे तुला माहीत आहे. दुसरी मिळाली हेही माहीत आहे. पण कंपनी बदलली की जुन्याचं विम्याचं कार्ड बंद होतं आणि नव्याचं लगेच हातात पडत नाही, हे त्यांनी तुला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. त्यांचं पोट दुखायला लागलं तेव्हा ते गॅस आहे, गॅस आहे म्हणत गोळ्या चघळत कामावर जात राहिले. "कार्ड आलं की दाखवतो, दोन दिवस काढतो," म्हणाले. तुझा नवरा किती हट्टी आहे ते मी तुला काय सांगू! रविवारी आमच्याकडे जेवायला आले आणि पहिला घास न घेताच जमिनीवर आडवे झाले. अंग तापलेलं, चेहरा राखेसारखा. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

टॅक्सीत टाकून इथे आणलं. दारातल्या काउंटरवरच्या पोरीने कुठे दुखतंय ते नाही विचारलं, आधी म्हणाली, "कार्ड?"

ह्यांचं कार्ड ह्यांच्या वरच्या खिशात होतं. हे नुसते बघत उभे राहिले. मी काढलं, ताई. मी. माझ्या ह्या हाताने खिशातून काढलं आणि काउंटरवर ठेवलं. माझ्या लग्नात आत्याने दोघांना सख्खे भाऊ समजून एकाच पाटावर बसवायचा घाट घातला होता, आठवतं? तीच मिशी, तेच टक्कल. कार्डावरचा फोटो नखाएवढा. त्या पोरीने फोटो बघितला, दाजींकडे बघितलं आणि ह्यांच्या नावाची पट्टी दाजींच्या मनगटाला बांधली. एवढं सोपं होतं. दाजी तशाही अवस्थेत हसले आणि ह्यांना म्हणाले, "साडूराव, आता तुमचा पगार पण माझ्याच खात्यात येऊ द्या." ते त्यांचं शेवटचं बोलणं. तुला हवं असेल म्हणून जसंच्या तसं लिहिलंय.

ऑपरेशनच्या कागदावर बायकोची सही हवी होती. केली. अपेंडिक्स आतल्या आत फुटलं होतं, विष सगळ्या अंगभर गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी यायला हवं होतं. दोन दिवसांनी काय आकाश कोसळणार होतं, असं त्या माणसाला वाटलं असेल ना गं.

मग तर विचारूच नकोस. कागदावर हे आजारी, मग हे कामावर कसे जाणार? खोलीत लपले. गोडाऊनच्या मॅनेजरने दाजींच्या पलंगाशी फुलांचा गुच्छ पाठवला, त्यावर ह्यांचं नाव आणि "लवकर बरे व्हा". मी तो गुच्छ घरी नेला. ह्यांनी तो मोरीत ठेवला आणि रात्री न जेवताच झोपले. आणि सगळ्यावर कळस ऐक. वॉर्डच्या मोठ्या सिस्टरला मी सहज विचारावं तसं विचारलं, एखाद्याकडे कार्ड नसेल तर काय करता? ती म्हणाली, जीव जात असेल तर आधी आत घेतो, पैशांचं नंतर बघतो, इथे तसा नियमच आहे. नियमच आहे! आम्ही चोरासारखं दुसऱ्याचं नाव लावून आत शिरलो, आणि दार उघडंच होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही कुणाला विचारलं नाही. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. याच्यानंतर तू माझं तोंड पाहिलं नाहीस तरी चालेल.

रोज सकाळी डॉक्टर येतात आणि दाजींच्या कानाशी मोठ्याने ह्यांच्या नावाने हाक मारतात. डोळे उघडा, हात दाबा. दाजी हलत नाहीत. डॉक्टर लिहून घेतात आणि पुढच्या पलंगाकडे जातात. रोज मी पायाशी उभी राहून ऐकते. दुसऱ्याच्या नावाला ते ओ कशाला देतील? शुद्धीत तरी दिली असती का?

शुक्रवारी मोठी सिस्टर मला म्हणाली, तुम्ही बायको आहात, घरी हाक मारता तशी मारून बघा, कधीकधी ओळखीच्या आवाजाने माणूस परततो. आणि ती पडदा ओढून गेली. घरी हाक मारता तशी! मी त्यांना दाजी म्हणते. "दाजी" म्हणून बघितलं. काही नाही. ताई, तुझा आणि माझा आवाज एक. फोनवर ते कितीदा फसलेत, "अगं ऐक" म्हणून सुरुवात करायचे आणि मी "दाजी, मी धाकटी" म्हटलं की ओशाळून हसायचे. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि तुझ्या सुरात म्हटलं, "अहो. अहो, ऐकलं का?"

त्यांच्या भुवया वर गेल्या. नळीभोवतीचे ओठ हलले. आणि एका डोळ्यातून पाणी आलं, ताई. कानापर्यंत ओघळलं.

उशाशी घंटी आहे. दाबली की सगळे धावत येतात. माझं बोट तिच्यावर होतं. आणि माझ्या मनात आलं, दाजी जागे झाले आणि डॉक्टरांनी नाव विचारलं तर? दाजी आपलं खरं नाव सांगणार. मग ह्यांना घेऊन जातील. नोकरी गेली, खोली गेली, सगळं गेलं. माझ्या मनात आलं, आज नको उठायला. आत्ता नको. मी घंटी दाबली नाही. पदराने त्यांचा डोळा पुसला, म्हणजे कुणाला दिसू नये. कामावर जायची वेळ झाली होती, मी दुकानात गेले आणि संध्याकाळपर्यंत पँटी आखूड करत बसले.

शनिवारी सकाळी आले तर मूत्रपिंडं बंद पडली होती. त्यानंतर मी किती वेळा "अहो" म्हटलं असेल! घसा खरवडून म्हटलं. भुवई हलली नाही, पापणी हलली नाही. मी हे डॉक्टरांना आज सांगितलं. ते म्हणाले, घंटी दाबली असती तरी कदाचित हेच झालं असतं. कदाचित. हा शब्द घेऊन मी आता जन्म काढायचा.

काल डॉक्टरांनी मला वेगळ्या खोलीत नेलं. चांगल्या खुर्च्या, टेबलावर टिपायला कागद. तेव्हाच मी समजले. यंत्र थांबवायचं म्हणतात. आत आता काही उरलेलं नाही, आणि बायकोची सही हवी. कागद पुढे सरकवला, पेन दिलं. मी मराठीत ओरडले, "मी बायको नाही! मी धाकटी बहीण आहे!" कुणाला काही कळलं नाही. दुःखाने बरळतेय असं वाटून सिस्टरने पाठीवरून हात फिरवला आणि पाणी दिलं. सही केली असती तर दाजी ह्यांच्या नावाने गेले असते. ह्यांच्या नावाचा दाखला मिळाला असता, इथेच कुठेतरी उरकलं असतं, आणि तू तिकडे आयुष्यभर कुंकू लावून त्यांच्या फोनची वाट बघत बसली असतीस.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. म्हणाले, "साडूला माझ्या नावाने जाऊ देणार नाही. उद्या चिमी विचारेल, बाबा कुठे गेले? तेव्हा काय सांगायचं, मावशीच्या नवऱ्याच्या नावाने गेले?" मला वाटलं हे रडतील. रडले नाहीत. मला मात्र रडू आवरेना, आणि खरं सांगते, त्यातलं अर्धं दाजींसाठी नव्हतं, ह्यांच्यासाठी होतं.

आज सकाळी दाजींचा पासपोर्ट आणि स्वतःचं कार्ड घेऊन हे त्याच काउंटरवर गेले. तीच पोरगी होती. आता हे ऑफिसात आहेत आणि दाराशी दोन पोलीस उभे आहेत. काचेतून मला बघून ह्यांनी खूण केली, काहीतरी खाऊन घे. कुठे नेतील, किती दिवस, मला काही माहीत नाही. विमावाल्यांनी हात वर केले आहेत. मॅनेजरने फोन उचलला नाही. मला इथे राहू देतील असं मला वाटत नाही, आणि राहून तरी काय करायचं आहे?

दाजींच्या मनगटावरची पट्टी बदलली, ताई. दुपारी मी बघून आले. आता त्यांचं नाव आहे, वडिलांच्या नावासकट, नीट. एवढं एकच काम झालं.

वेल्डर आज निघतोय, उद्या संध्याकाळी तुझ्या दारात असेल. मी हे फोनवर सांगू शकले नाही. तू पलीकडे "अगं, बोल ना" म्हणाली असतीस आणि मी पुन्हा घसा बसलाय म्हणाले असते. डॉक्टर परवापर्यंत थांबणार आहेत. आता ते तुझ्याशिवाय काही करणार नाहीत, तसं त्यांनी मला लिहून दिलंय.

वाचलंस की मला फोन कर. शिव्या नंतर दे, मी कुठे पळून जात नाही. गच्चीवर जा, नाहीतर चिमीच्या शाळेमागे जा, पण स्पीकर लावू नकोस. मी काही न बोलता फोन दाजींच्या कानाला लावेन. तू तुझी हाक मार. पहिल्या दिवशीच लावायला हवा होता, पण तू विचारलं असतंस, ते बोलत का नाहीत, म्हणून लावला नाही. ते उठणार नाहीत, ताई. उगीच आशा धरू नकोस, मी रोज बघतेय. पण ती हाक शेवटची माझ्या तोंडून ऐकून त्यांनी जायला नको. ती माझी नव्हती.

तुझं बोलून झालं की सिस्टर तुला विचारेल, यंत्र थांबवायचं का. ते तू सांगायचं आहेस. तू सांगशील तोपर्यंत मी त्यांचा हात धरून बसते.

तुझी धाकटी.
बहीण. फक्त बहीण.