पंचफुला या नावाची नोंद

नागपूर,
१८ फेब्रुवारी १९७९

प्रिय शामला,

तुझ्या आईच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल, सही-शिक्क्यासह, सोबत आहे. मौद्याच्या तलाठ्याला हीच लागेल. चंपतराव आजोबांच्या वावरातला आईचा वाटा तुझ्या नावावर चढवायचा म्हणून रुपरावमामानं तुला जबलपूरला पत्र घातलं, आणि तू मला चार ओळींचं कार्ड. गेल्या तेरा वर्षांत तू मला कार्डापेक्षा मोठं काही लिहिलेलं नाहीस. मी मात्र आज लांब लिहिणार आहे. नक्कल उघडशील तेव्हा तिच्यात मी कुठेच नाही, हे तुला दिसेल. ती तशीच पाठवायची की दुरुस्त करून घेऊन पाठवायची, हे ठरवायला मला महिना लागला. उशीर झाला तो त्यामुळे. कचेरीचा त्यात काही दोष नाही.

काम तसं सोपं असतं. साधा अर्ज, त्यावर कोर्ट फीचा स्टॅम्प, मयताचं नाव, तारीख, ठिकाण. नोंद सापडली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी नक्कल हातात. मी अर्ज ठळक अक्षरात लिहिला. चारुलता कृष्णकांत देशकर, चौदा सप्टेंबर एकोणीसशे सहासष्ट. रजिस्टर सांभाळणारे भैयाजी म्हणून एक कारकून आहेत, साठीला टेकलेले. त्यांनी दोन दिवस पानं उलटली आणि तिसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं. मग मी जे आयुष्यभर करत आलो तेच केलं. आवाज चढवला. ज्या राज्याला आपल्या मेलेल्या माणसांचा हिशेब ठेवता येत नाही ते जिवंतांना काय न्याय देणार, इथपर्यंत गेलो. रांगेतली माणसं आपापले अर्ज विसरून ऐकायला लागली. भैयाजींनी माझं होऊ दिलं. मग चष्मा पुसत म्हणाले, “साहेब, तुमचं भाषण मी चिटणीस पार्कात ऐकलं आहे, लय चांगलं होतं. पण भाषणानं रजिस्टरात नाव उगवत नाही नं. बाईचं दुसरं काही नाव होतं काय, माहेरचं?”

मी नाही म्हणालो. शामला, मी लपवलं नाही. मला खरोखरच आठवलं नाही. जिना अर्धा उतरल्यावर आठवलं.

तुला लग्नाची हकीकत माझ्याच तोंडून ठाऊक आहे, म्हणजे अर्धीच ठाऊक आहे. एकावन्न साली देशकरांच्या घरातल्या मुलानं मौद्याच्या शेतकऱ्याची मुलगी केली. भटजी नाही, मुहूर्त नाही, मंगलाष्टकं नाहीत. या लग्नावर मी पुढे किती सभा जिंकल्या ते मोजलेलं नाही. सगळे विधी मी नाकारले, एक तेवढा ठेवला. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचा. पंचफुला हे नाव मला माझ्या मित्रमंडळीत नेण्यासारखं वाटलं नाही. तेव्हा संस्कृत काव्य वाचत होतो, त्या झिंगेत चारुलता लिहिलं. तिनं ताटात वाकून पाहिलं, आणि हे कोण, असं विचारलं. सगळे हसले. मीही हसलो. जात मोडली म्हणून टाळ्या घेणाऱ्यानं पहिल्याच दिवशी तिचं नाव मोडलं, आणि हे म्हणायला मला अठ्ठावीस वर्षं लागली.

बोलीचंही तसंच. ती ‘मले’ म्हणाली की मी ‘मला’ म्हणायचो. रागावून नाही, कौतुकानं, शिक्षकासारखं. ‘काहून’ म्हणाली की ‘का’. हळूहळू ती बरोबर बोलायला लागली, आणि मग कमी बोलायला लागली. मला तो संसाराचा थकवा वाटला. तू लहान असताना ती तुझ्याशी स्वयंपाकघरात काहीतरी बोलत असायची, हसत असायची. मी दारात आलो की तुमचं बोलणं थांबायचं. तुम्ही काय बोलत होतात ते मी कधी विचारलं नाही, कारण माझ्याकडे बहुधा सांगण्यासारखं काहीतरी असायचंच.

मी परत वर गेलो आणि भैयाजींना ते नाव सांगितलं. पाच मिनिटांत नोंद सापडली. पंचफुला चंपतराव ठवकर, वय तेहतीस, घरकाम, मृत्यूचं कारण कावीळ. पतीचं नाव या रकान्यात एक आडवी रेघ. दवाखान्याच्या कागदावर जे होतं ते रजिस्टरात आलं होतं. मी म्हटलं, हे चुकीचं आहे, दुरुस्त झालं पाहिजे. भैयाजी गोंधळले. “वावर बापाचं, नाव बापाचं. तलाठ्याले हेच पाहिजे. पोरीचं काम होऊन राहिलं तं तुमी काहून बिघडवता?” तरी मी दुरुस्तीचा अर्ज मागून घेतला. त्याला प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, दोन साक्षीदार लागतात. माझी बायको माझ्या नावाशिवाय नोंदली गेली आहे, एवढंच मला दिसत होतं. तुझ्या कामासाठी मी धडपडतो आहे अशी मी स्वतःची समजूत घातली होती, पण तुझं काम तर झालेलंच होतं.

साक्षीदार म्हणून रुपरावमामाला धरलं. तो धाकटीच्या लग्नासाठी इतवारीत भांडी घ्यायला आला होता. मला वाटत होतं, घाईत त्यानंच माहेरचं नाव सांगितलं असणार. त्यानं पाण्याच्या पितळी गुंडावर बोटाचं पेर वाजवून आवाज ऐकला, तो गुंड बाजूला ठेवला आणि म्हणाला, “मी नाई सांगितलं भाऊजी. मी बाहेर टांगेवाल्याशी भांडून राहिलो होतो. नर्सबाईनं तिलेच विचारलं. नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. नवऱ्याचं विचारलं तं भिंतीकडे तोंड केलं म्हणे. शामला होती नं जवळ, तिले विचारा. तुमी तं अमरावतीले होते.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

त्या दिवसापासून मी एका गोष्टीला धरून बसलो. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, लाजतात, वळण असतं. तिनंही म्हणून घेतलं नसेल. तीन दिवस मी यावर जगलो. पण ते वळण मीच मोडून काढलं होतं. घरी चार माणसं आली की मी तिला मला नावानं हाक मारायला लावायचो. कृष्णकांत, साखर किती घालू? मित्र खूश व्हायचे, मी त्यांच्याकडे पाहायचो. तिच्याकडे पाहिल्याचं आठवत नाही. पंधरा वर्षं मी सांगितलं तेव्हा तिनं माझं नाव घेतलं. दवाखान्यात सांगायला मी नव्हतो.

आता जे लिहायचं म्हणून हे सारं लिहिलं, ते लिहितो. प्रतिज्ञापत्रात कारण द्यायचं होतं, नोंदीच्या वेळी पती हजर का नव्हता. मी लिहिलं, ‘तार उशिरा मिळाल्यामुळे.’ हेच मी शोकसभेत म्हणालो होतो. तू तेव्हा बारा वर्षांची, पहिल्या रांगेत. त्या वाक्याला तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस आणि पुन्हा खाली घातलीस. लोक रडत होते म्हणून मला वाटलं, तूही रडते आहेस. भांड्यांच्या दुकानात मामा जाता जाता म्हणाला की तार सकाळी आठलाच केली होती, आणि आईनं पाठवलं म्हणून तू त्याच्यासोबत तारघरात गेली होतीस. म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं. तुझी कार्डं चार ओळींची का असतात, ते मला त्या दुकानात कळलं. तार मला अकरा वाजता मिळाली, शामला. ‘प्रकृती गंभीर, ताबडतोब या.’ साडेअकराची एस.टी. होती, ती धरली असती तर चारला पोचलो असतो. तुझी आई सहाला गेली. एक वाजता सभा होती, स्त्रियांच्या हक्कांवर, मैदान भरलं होतं. मी तार घडी करून खिशात ठेवली आणि दीड तास बोललो. कावीळ आहे, उतरेल, असं मनाशी म्हणालो. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. प्रतिज्ञापत्रावर मी सही केली नाही. नोंद आहे तशी राहील, ती तिनं स्वतः सांगितलेली आहे. तारघरातून परतल्यापासून शेवटपर्यंत तू तिच्याजवळ होतीस. ती काय बोलली, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. आज विचारतो. माझ्याबद्दल काही वाईट बोलली असेल तर तेही सांग, आणि काहीच बोलली नसेल तर तसं सांग. ते कार्डात मावणार नाही. तू म्हणशील त्या दिवशी मी जबलपूरला येतो. तिच्या शब्दांत सांग, तिच्या बोलीत, लागेल तेवढा वेळ घे. मी मधे बोलणार नाही.

तुझ्या होकाराची वाट पाहणारा,
तुझाच
बाबा