तपकिरी बोळा

प्रिय दादा,

मुठीचा स्क्रू हलेना, म्हणून त्यावर तेलाचा थेंब सोडला आहे आणि तो मुरेपर्यंत तुला लिहायला घेतलं आहे. समोर पांढऱ्या कापडावर म्हातारी सुटी होऊन पडली आहे. नळी, सांगाडा, चाप, घोडा. बाबांचं ते जुनं रिव्हॉल्व्हर इतकं मोकळं झालेलं मी पहिल्यांदाच पाहते आहे. गोळ्यांचा सिलिंडर मी वेगळा, रुमालात गुंडाळून ठेवला आहे. बाबा शेजारच्या खुर्चीत बसले आहेत. मी काय लिहिते ते त्यांना दिसत नाही.

त्यांना आता मधलं काहीच दिसत नाही, फक्त कडा दिसतात. माणूस समोर उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, चेहरा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, यात आता सुधारणा नाही. बाबा म्हणाले, काही बिघडत नाही, गिऱ्हाइकाचा चेहरा मी कधी बघितलाच नव्हता, हात बघायचो. बंदुकांचं दुकान बंद केलं. परवाना परत करायचा आहे, त्यामुळे बाकीच्या बंदुका गेल्या. ही एक उरली. उद्या सकाळी लिलाववाल्यांचा पारखी तिच्यासाठी येणार आहे. त्याआधी कोणता भाग मूळचा, कोणता मागाहून बसवलेला, कोणता कुठल्या काळातला, हे पक्कं करायचं काम बाबांनी मला दिलं. मी संग्रहालयात फुटकी मडकी जोडते. बाबांचं म्हणणं, मडकं माणसाला फसवतं, पोलाद फसवत नाही, तेव्हा नीट बघ.

सुरुवात स्क्रूपासून करायला लावली. जुन्या कारखान्याच्या स्क्रूची खाच अरुंद असते आणि माथा किंचित फुगीर. खाचेचे ओठ फाटलेले दिसले की समजायचं, कुणीतरी जाड पेचकस घेऊन मारामारी केली आहे. म्हातारीचे सगळे ओठ शाबूत होते. मुठीचा तेवढा मी आत्ता फाडला. बाबांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं. म्हणाले, शाबास मडकेवाली, जिला इतकी वर्षं कुणी ओरखडा काढला नाही तिला पोटच्या पोरीने जखम केली. स्वतःच हसले. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण हसणं मध्येच थांबलं.

स्क्रू निघाला. मुठीच्या लाकडाला आतून पेन्सिलीने तोच क्रमांक आहे जो सांगाड्यावर आणि नळीवर ठोकला आहे. बाबांनी लाकूड आणि पोलाद मिळतात तिथे नख फिरवलं. लाकूड केसभर आत गेलेलं आहे. म्हणाले, माझ्याइतकंच आक्रसलंय, म्हणजे अस्सल. मी पारख्यासाठीच्या यादीत अस्सल असं लिहिलं.

सिलिंडरबद्दल त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. लिही, मूळचाच, रंग मागाहून बिघडवलेला. कुणी बिघडवला ते लिहायचं कारण नाही. ही त्यांची तुझ्यावरची मेहेरबानी.

तो दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी दारात उभी होते. बाबा परगावाहून आले आणि हातातली पिशवी खाली न ठेवताच टेबलापाशी गेले. ते निघाले तेव्हा सिलिंडर तपकिरी होता, पोलाद पिढ्यान्‌पिढ्या हाताळलं की होतं तसा. आता तो काळा कुळकुळीत होता. मागच्या खोलीत पोलाद काळं करायची रंगाची टाकी गरम होती. दुसऱ्याच्या बंदुकीसाठी तू ती पेटवली होतीस, पण ते ऐकून कोण घेतो. जुन्या वस्तूचं वय घासून काढायचं आणि नवा रंग चढवायचा, याला आपल्या धंद्यात खून म्हणतात. तू म्हणालास, मी फक्त पुसलं. बाबा म्हणाले, पुसल्याने शंभर वर्षं निघत नाहीत. तू म्हणालास, मग तुमची शंभर वर्षंच कच्ची असतील. एवढं बोलायला नको होतं पोराने, असं आई पुढे कितीदा तरी म्हणायची. आता म्हणायला तीही नाही.

त्यानंतर तुमचं दोघांचं बोलणं बंद झालं आणि बाबांनी म्हातारीची पेटी उघडली नाही. दिवाणखान्यात मेलेल्या माणसाचा फोटो असावा तशी ती कपाटावर असायची.

आज दुपारी मी सिलिंडर भिंगाखाली धरला. क्रमांकात एक चारचा आकडा आहे. नळीवरच्या, सांगाड्यावरच्या चाराचं डोकं मिटलेलं आहे. सिलिंडरवरच्या चाराचं डोकं उघडं आहे. म्हणजे ठसा वेगळा, हात वेगळा. शेजारची, बंदूक तपासून पास केल्याची चाचणीची खूण तर कारखान्याने ती नळी बनवली त्याच्या बऱ्याच नंतर सुरू झालेली. सिलिंडर मूळचा नाहीच. नंतरच्या एखाद्या रिव्हॉल्व्हरचा आहे. कुणीतरी आधीचा क्रमांक काढून म्हातारीचा ठोकला. आणि नंतरच्या काळात कारखानाच सिलिंडर काळे करत असे.

मग तपकिरी कुठून आलं? सिलिंडरच्या मागच्या बाजूला दात्यांच्या बेचक्यांत, जिथे फडकं पोचत नाही, तिथे अजून थोडं उरलं आहे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून फिरवला. बोळा तपकिरी झाला. खाली काळं निघालं, गुळगुळीत, कुठेही घासल्याची रेघ नाही. खरं वय स्पिरिटने निघत नाही, दादा. हे मडक्यांच्या बाबतीतही तसंच आहे.

बोळा आणि सिलिंडर त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोळा नाकाशी नेला. लाख, म्हणाले. सिलिंडरवरून अंगठा फिरवला, बेचक्यांत थांबले. नंतर म्हणाले, काळं लाखेच्या खाली आहे. मी हो म्हटलं. गरम टाकीत बुडवून काढलेल्या सिलिंडरवर लाख उरेल कशी, म्हणाले. हे ते मला विचारत नव्हते. विकणाऱ्याने लाखेचं रोगण लावून सिलिंडर म्हातारा केला आणि बाबांनी डोळे शाबूत असताना तो घेतला, हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

दिवे लावायची वेळ झाली आणि त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं, त्याने तेव्हा कशाने पुसलं होतं? मी म्हटलं, मला कसं माहीत असणार. म्हणाले, मग त्याला विचार. मी म्हटलं, फोन लावून देते, तुम्हीच विचारा. ते म्हणाले, फोनवर तो उत्तर देईल, लिहून विचारलं तर विचार करेल. बोळ्याच्या वासावरून त्यांना उत्तर कळलेलं आहे. तरी हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे. त्या दिवशी त्यांनी तुला एवढंच विचारलं होतं की काय केलंस हे, आणि तेही उत्तरासाठी नव्हतं. आता विचारताहेत. तू कशाने पुसलं होतंस ते लिही. एक ओळ पुरे. ती मी त्यांना वाचून दाखवीन.

पुढचं सकाळी लिहिते आहे. पारखी वेळेवर आला. बाबांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, सिलिंडरबद्दल एका माणसाचं म्हणणं यायचं आहे, ते आल्याखेरीज म्हातारी जोडायची नाही. पारखी जरा चिडला. तुमच्यापेक्षा मोठा असा कोण तज्ज्ञ आहे, म्हणाला. बाबा म्हणाले, माझा मुलगा. पारखी गेल्यावर मी सगळे भाग कापडाने झाकले.

तुझीच,
स्क्रूचे ओठ फाडणारी