बटण कोणाकडे जाईल

मी, या कागदाखाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, कला शाखेची पदवीधर, व्यवसाय कपडे बेतणे व शिवणे, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोटात जे वाढले आहे ते डोक्यापर्यंत पोचलेले नाही, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तसा तो आजवर कोणाला टाकता आलेला नाही.

१. दोन वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात लिहिले होते की, जो माझा कुत्रा सांभाळील त्याला हे घर मिळेल. ती माझी घोडचूक होती. मजकूर भाच्याच्या कानावर गेला आणि तो दर रविवारी बिस्किटांचे पुडे घेऊन येऊ लागला. "आत्या, बटण माझ्यावर किती जीव टाकतो बघ!" बटण बिस्किटांवर जीव टाकत होता. मी अकरा दिवस इस्पितळात होते तेव्हा भाच्याने त्याला घरी नेले आणि गॅलरीत बांधून ठेवले. घराच्या आमिषाने कुत्र्याला घर मिळत नाही, हे मला तेव्हा कळले.

२. तरीही घर भाच्यालाच द्यावे. त्याच्या दोन्ही मुलींना अभ्यासाला खोली नाही. बटणाचा या घराशी संबंध नाही. भाच्याने त्याला नेऊ नये.

३. शिलाईची दोन यंत्रे दुकानातल्या दोघी मुलींना एकेक द्यावीत. बेतायचे टेबल कोणालाही द्यावे, फक्त कोपऱ्यावरच्या शिंप्याला नको. माझ्या कोटाच्या कॉलरचा नमुना त्याने उचलला आणि वर ती वाईट शिवली.

४. बँकेतल्या ठेवीतून बटण जिवंत असेपर्यंत त्याच्या औषधपाण्याचा आणि केस कापण्याचा खर्च व्हावा. हे काम जनावरांच्या डॉक्टरांनी पाहावे. उरेल ते भाच्याच्या मुलींच्या शिक्षणाला.

५. बटण हा काळा पूडल आहे, वय नऊ. माझे घर त्याचे तिसरे. पहिल्या घरी बाळ आले म्हणून त्याला काढले, दुसऱ्या घरी तो भुंकतो म्हणून. माझ्याकडे तो एक चेंडू आणि अर्धी पिशवी खाणे घेऊन आला, तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला चौथे घर लागणार आहे. पाचवे लागू नये. म्हणून जो नेईल त्याने आधी हे वाचावे.

पूडलचे केस गळत नाहीत, म्हणून लोक खूश होतात. गळत नाहीत म्हणजे वाढतात. दर सहा आठवड्यांनी कापावे लागतात आणि रोज विंचरावे लागतात, तेही वरवर नव्हे, थर उचलून मुळापासून. गुंता प्रथम कानामागे होतो. तिथे दुर्लक्ष केले तर कातडी ओढली जाते आणि कुत्रा मुकाट्याने सोसतो.

हे शोभेचे जनावर नाही. त्याला अक्कल आहे, आणि अक्कल असलेल्याला रिकामे बसवले की तो दाराची चौकट कुरतडतो. दिवसभर घराला कुलूप असेल त्यांनी नेऊ नये. मुलांच्या हट्टाखातर नेऊ नये. माझी दया येऊन तर मुळीच नेऊ नये. मी तेव्हा नसेन आणि दया महिनाभरात विरते. आधी चारदा यावे, जमिनीवर बसावे, त्याला हाक मारू नये. तो आपण होऊन आला तर बोलावे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्या बाजूने एकदम हात लावू नये. नेल्यावर पहिले काही आठवडे तो दाराशी बसेल. त्याला तिथून उठवू नये. तो कोणाची वाट पाहत असेल ते मला माहीत आहे.

६. हे सर्व लिहिले, पण माझ्या मनात एकच नाव आहे. माझ्या दुकानात बावीस वर्षे हाताने काजे करणारी बाई, जिला सगळे काजवाली म्हणतात. ती दोन गल्ल्या सोडून राहते आणि नऊ वर्षे माझ्याशी बोलत नव्हती. मी इस्पितळात असताना तिने भाच्याच्या गॅलरीतले रडणे ऐकले, वर जाऊन कुत्रा सोडवला आणि स्वतःच्या घरी ठेवला. मी परतले तेव्हा तिने दारातूनच दोरी माझ्या हातात दिली. "घ्या तुमचं पोर. कानामागं बघत जा रोज." मी कानामागे बोट घातले. एक गाठ नव्हती. थर न् थर सरळ विंचरलेला, तिच्या काजासारखा. मला आभार मानता आले नाहीत.

बटण तिला द्यावा. तिच्यावर सक्ती नाही.

७. माझी मोठी कात्रीही तिलाच. नऊ वर्षांपूर्वी ही कात्री हरवली तेव्हा भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मी तिला म्हटले, "पिशवी उलटी कर." तिने केली. डबा, चष्मा आणि रुमाल निघाला. ती गेली आणि पुन्हा कामावर आली नाही. बटण आला त्या आठवड्यात तो घाबरून टेबल आणि भिंत यांच्या फटीत शिरला. त्याला काढायला टेबल ओढले, तर कात्री तिथे उभी अडकलेली. म्हणजे पाच वर्षे मला माहीत आहे. मी तिला सांगितले नाही.

साक्षीदार: माझे डॉक्टर; समोरची छापखानेवाली.

पुरवणी, त्याच दिवशी, सह्या होण्यापूर्वी:

मी काजवालीलाही साक्षीला बोलावले होते. वाटले, सही करताना ती या खोलीत बसेल. ती आली, पेन हातात घेतले, आणि डॉक्टर म्हणाले, ज्याला यातून काही मिळते त्याने साक्ष द्यायची नसते. एवढे शिकून मला हे ठाऊक नव्हते. तिने पेनाला टोपण लावले. "माझी सहीसुद्धा चालत नाही का, बाई, तुम्हाला?" आणि बाहेरच्या खोलीत गेली.

कलम सात तिने मी मेल्यावर वाचावे, अशी माझी सोय मी करून ठेवली होती. मी उठले आणि बाहेर गेले. ती जमिनीवर बसली होती, बटण तिच्या मांडीवर. मी उभ्यानेच सगळे सांगितले.

तिने मान वर केली नाही. बराच वेळ त्याच्या कानामागे बोटे फिरवत राहिली.

"पाच वर्षं?"

"पाच."

"पिशवीत माझा डबा होता बाई. आंबलेला. सगळ्यांना वास आला."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"कात्री नको मला," ती म्हणाली. "हा द्या. पण आत्ता नको, तुम्ही आहात तोवर इथंच राहू दे. मी रोज येऊन विंचरीन."

म्हणून कलम सातमधील कात्रीचे दान रद्द. ती कोणालाही देऊ नये. माझ्याबरोबर जाऊ द्यावी. सातमधला बाकी मजकूर खोडू नये. कलम सहा कायम.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे आणि ते खरे आहे.

सही: दुकानाची मालकीण
साक्षीदार: डॉक्टर (सही), छापखानेवाली (सही)
ठिकाण: दुकानामागची खोली, बेतायचे टेबल
दिनांक: महिन्याचा दुसरा मंगळवार, सकाळचे साडेअकरा. बाहेर विंचरणे चालू आहे.