पुलावरचा माणूस

सांगली, ९ जानेवारी १९७४

चि. सौ. अंजनास नाथाजीदादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, तिकडचं कळव.

तुझ्या घराच्या पुढच्या, नव्या सोप्याच्या भिंतीसाठी चित्र एस.टी.च्या ड्रायव्हरकडे दिलं आहे. दुकानात देवांचे फोटो मढवून हात दुखले, म्हणून मुद्दाम जपानी देखावा निवडला. तिकडे लाकडी ठोकळ्यावर कोरून एकेका रंगाचा ठसा मारतात म्हणे; ही त्याची छापील नक्कल, मुंबईच्या व्यापाऱ्यानं विकायला धाडलेली. बर्फाचा डोंगर, नदी, पूल आणि पुलावर गवती टोपी घातलेला एकच माणूस. चौकट सागवानी. विहीणबाईंना नक्की आवडेल.

तुझ्या पत्राची वाट बघायला लावू नकोस.
नाथाजी

कोरेगाव, २१ जानेवारी

ती. स्व. दादांस अंजनाचा सा. नमस्कार.

आवडलं! चित्र टांगलं त्या दिवसापासून सासूबाई माझ्या हातचा चहा घेत नाहीत. त्या पुलावरच्या माणसाचं तोंड दाराकडे आहे. सासूबाई कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, की घरातनं माणूस भाईर चाललेला भितीवर टांगत्यात व्हय? वर ह्यो बर्फ! मी म्हटलं, कागद आहे. तर म्हणाल्या, की कागदाचीच तर वाट बघतोय दोन महिनं. मी सकाळी टांगते, त्या दुपारी काढून भिंतीकडे तोंड करून ठेवतात. आता निरोप असा, की तुझ्या भावाला त्यो माणूस फिरवून द्यायला सांग. लेहच्या छावणीतनं यांचं पत्र नाही, हे लिहायचं राहिलं.

वैतागलेल्या बहिणीवर माया ठेवा.
अंजना

सांगली, २६ जानेवारी

चि. सौ. अंजनास आशीर्वाद.

वीस वर्षं फोटो मढवतोय. कुणी मेलेल्या बापाला फेटा चढवून मागितला, कुणी भांडून गेलेल्या जावयाला फोटोतनं कापायला लावलं. चित्रातल्या माणसाला माघारी फिरव म्हणणाऱ्या विहीणबाई पहिल्याच! कोरणारा जपानी कधीच वारला असेल, आता सांगू कुणाला?

पण मी तुमचा सोपा बघितला आहे. माणूस चालला आहे डावीकडे आणि त्या भिंतीला डावीकडे दार येतं. चित्र समोरच्या भिंतीवर लाव. तिथं डावीकडे स्वयंपाकघर. झाला माणूस आत यायला सुरुवात! एवढं दोघींना सुचू नये?

आणि अंजे, पानभर सासूबाई आणि शेवटी एक ओळ कृष्णातच्या पत्राची. मला कागदावरचंही ऐकू येतं. चित्रापुढून जाताना तूही त्या माणसाकडेच बघत असणार. लेहला हिवाळ्यात टपाल तुंबतं, त्याचा राग विहीणबाईंवर काढू नकोस.

भांडून झालं की चार ओळी लिही.
नाथाजी

कोरेगाव, १२ फेब्रुवारी

ती. स्व. दादांस सा. नमस्कार.

चित्र समोरच्या भिंतीवर गेलं आणि मला चहा करायची परवानगी मिळाली. तरी रोज तक्रार होतीच, की आत येतोय खरं, पण चुलीपातूर पोचायला लय दिस लावतोय. मी कपाळावर हात मारून घ्यायची.

काल यांचं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर परक्याचं.  सासूबाईंना अक्षर वाचता येत नाही, पण माझं तोंड वाचता येतं. त्या मटकन खाली बसल्या. यांच्या उजव्या हाताची दोन बोटं बर्फानं गेली, म्हणून मित्राकडून लिहून घेतलं. जिवाला धोका नाही. पंधरवड्यात रजेवर घरी.

 सासूबाई म्हणाल्या, की तीन बोटांनीबी भाकरी मोडती. आणि उठून चित्र काढायला लागल्या. मी म्हटलं, आवं, आता तर तो आत येतोय! तर म्हणाल्या, की माझं लेकरू घरात पाऊल टाकंल तवा म्होरं बर्फ नगं.

या वेळी मी भांडले नाही, दादा. चौकटीची दुसरी बाजू मीच धरली.

रागवायचं असेल तर हे घरी आल्यावर इथं येऊन रागवा.
अंजना