संद्याचा कान

३ जाने., शुक्र.

नाही म्हणजे नाही. मागच्या आठवड्यात सांगितलं, काल सांगितलं, आज परत. तरी आईचं तेच. आज तर हद्द केली, फोनवर "संदेशराव" म्हणाली. राव! पाच वर्षं ज्याला ती "तो मेलो" म्हणायची, तो संद्या आता राव झाला. का, तर रूपाशी लग्न ठरलं. माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न, आणि मला असं कळवतात जसा मी चाळीतला भाडोत्री.

"झिला, झाला ता झाला. किती वर्सां तोच गुडघो धरून बसतलस?"

फोन ठेवला. गुडघा माझा आहे. धरीन नाहीतर सोडीन.

दुपारी पिक्चर. शुक्रवारी रूमवर जेवण युनूसभाईंचं, पिक्चर केरळच्या बिजूच्या हार्ड डिस्कवरचा, निवड माझी. निवड म्हणजे सुडाचाच, दुसरा लावू देत नाही. आजचा कोरियन. एक धोबी. त्याच्या भावाला एका बड्या माणसाने गाडीखाली घेतलेलं असतं, आणि त्याच माणसाचे शर्ट दर आठवड्याला याच्याकडे येतात. आपल्याला वाटतं आता कॉलरला विष लावेल, आता इस्त्री तोंडावर ठेवेल. काही नाही. नुसती इस्त्री करतो. कडक. शेवटी तो माणूस स्वतः कपडे न्यायला येतो आणि याला ओळखतच नाही, सुटे मोजून घेतो. तिथे मी उठून उभा राहिलो. बिजूने खाली बसवलं, अजून आहे म्हणाला. पुढचं लिहीत नाही, ज्याला बघायचं त्याने बघावं. नंबर एक पिक्चर.

५ जाने., रवि.

दिवसभर फ्रीजरमध्ये. कोंबड्यांचे खोके. फोर्कलिफ्टवर बसून काम, म्हणून तर हे काम घेतलं, पण थंडी गुडघ्यात शिरते ती शिरतेच. उतरताना दांडा धरावा लागतो. हजेरीवाला हसतो.

जेवताना युनूसभाईंनी विचारलं, त्या पोराने तुझं नक्की केलं काय. ते खेडचे, ओमानच्या या सोहारमध्ये माझ्या आधी वीस वर्षांपासून. मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. सांगितलं सगळं. करी रोडचं आमचं कबड्डी मंडळ, मी चढाईला, संद्या डाव्या कोपऱ्यात. कंपनीच्या टीमची निवड दोन दिवसांवर. खेळाडू म्हणून नोकरी, कायमची. आमच्या मंडळातून एकच घेणार होते, आणि मीच जाणार हे सर पण बोलून गेले होते. संध्याकाळची प्रॅक्टिस. मी चढाई केली, संद्याने घोटा पकडला, बाकीचे पडले अंगावर, सरांनी शिट्टी मारली. बाद. शिट्टी झाली की कोणी पण अंग सैल सोडतं. मी सोडलं. घोटा त्याच्या हातात होता. तेव्हा पिळला. वर गुडघा गेला.

तो म्हणाला, शिट्टी ऐकू नाही आली. अख्ख्या मैदानाला आली, बाजूच्या इस्त्रीवाल्याला आली, याला नाही.

आता तो ऑफिसात पंख्याखाली. मी इथे.

युनूसभाई ऐकून घेऊन म्हणाले, "तुझ्या पिक्चरमधला हिरो कामाला कधी जातो रे?" म्हातारा खवचट आहे.

१० जाने., शुक्र.

रूपाचा फोन. आधी गोड. मग हॉलचं निघालं. लालबागचा हॉल, फेब्रुवारीच्या शेवटची तारीख, साठ हजार बाकी, ते पुढच्या महिन्याच्या तीन तारखेपर्यंत भरायचे. बाबा असते तर मला विचारलं नसतं. मी म्हटलं, नाही देणार. ज्याने माझी नोकरी खाल्ली त्याच्या बोहल्याचे पैसे मी भरू? देवळात हार घाला आणि मोकळे व्हा.

ती म्हणाली, "मी संदेशशी लग्न करतेय निल्या. तुझ्या गुडघ्याशी नाही."

वर म्हणाली, नको देऊस, तो भरतो म्हणालाय.

म्हणजे बघा. माझ्या बहिणीचं लग्न मुलीकडच्यांनी करायचं ठरलंय, आणि त्यात मुलीकडचे पैसे पण तोच देणार. चाळीत काय बोलतील. भाऊ परदेशात आणि हॉल नवऱ्याचा.

पिक्चर युनूसभाईंच्या हट्टाने जुना हिंदी. आई, दोन भाऊ, एक घोडा, धान्याच्या गोणींवर पडणारे गुंड. हिरो लहानाचा मोठा होईपर्यंत चार गाणी. पण व्हिलन सॉलिड. तो जेवतो कसा ते बघण्यासारखं आहे, समोर माणूस मरतोय आणि हा माशाचे काटे काढतोय. तेवढ्यासाठी बघावा. बाकी पुढे पळवला तरी चालेल.

१४ जाने., मंगळ.

संक्रांत. आईचा फोन, तिळगूळ घे म्हणाली. फोनमधून कसा घेऊ. रागातच होतो. मग ती यादी वाचायला लागली, मामा कुठे उतरणार, मावशीला काय द्यायचं. बोलता बोलता म्हणाली, कानपिळीला नितीनला उभं करू, तू काय येणार नाहीस.

नितीन मामाचा.

आणि माझ्या डोक्यात दिवा लागला.

कानपिळी! नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. भटजी स्वतः बोलावतात. सगळ्यांसमोर, अग्नीसमोर, त्याचे आईबाप समोर बसलेले. नवऱ्याने हू की चू करायचं नाही, उलट भावालाच शर्टपीस द्यायचा. आजकाल सगळे नुसता हात लावतात, फोटोग्राफर म्हणतो हसा.

मी नाही हसणार.

आईला सांगितलं, नितीन कशाला. सख्खा भाऊ जिवंत आहे. ती बिचारी रडली आनंदाने. म्हणाली देव पावलो.

१७ जाने., शुक्र.

आजचा पिक्चर मल्याळम, बिजूचा लाडका. एक बाई होडी चालवते. नवऱ्याला मारणारा रोज सकाळी तिच्याच होडीतून पलीकडे जातो, भाडं देतो, ती घेते. त्याला पोहता येत नाही, हे आपल्याला पहिल्या अर्ध्या तासात कळतं. मग पूर्ण पिक्चर आपण पाण्याकडेच बघत बसतो. शेवटी मधोमध ती इंजिन बंद करते. तो विचारतो काय झालं. ती त्याच्याकडे बघते. पिक्चर खलास. नावं यायला लागली.

मी शिव्या घातल्या. बिजू म्हणाला हाच शेवट. मी म्हटलं ढकलला की नाही ते दाखवा. तो म्हणाला, तुला काय वाटतं तू ढकललास की नाही. डोक्यात जातो हा माणूस. पण पिक्चर बघाच. आवाज मोठा करून, पाण्याचा आवाज ऐकत.

रूमवर सगळ्यांना कानाचं कळलंय, युनूसभाईंनी फोडलं. आता प्रत्येक जण कान पुढे करतो. पिळ, प्रॅक्टिस कर. बिजूचा पिळला तर ओरडला खरंच. युनूसभाई म्हणाले कानाला हाड नसतं, मुळापासून धरून वर उचल. मी म्हटलं तुम्हाला काय माहीत. म्हणाले मदरशात शिकलोय, धरणारा म्हणून नाही, ज्याचा कान धरला तो म्हणून.

२१ जाने., मंगळ.

सुट्टीचा अर्ज दिला. सुपरवायझर म्हणाला वर पाठवतो. वर म्हणजे कुठे, देवाकडे?

हिशोब केला आणि डोकं फिरलं. जाण्यायेण्याचं तिकीट काढलं तर हॉलला पूर्ण देता येत नाही. हॉलला पूर्ण दिले तर तिकीट नाही. म्हणजे कान पिळायला गेलो तर ज्याचा कान पिळायचा त्याच्याच पैशाच्या हॉलमध्ये उभं राहून पिळायचा. आणि त्याचा एक रुपया लागू दिला नाही तर मी इथे कोंबड्या उचलत बसणार, आणि तिकडे नितीन हात लावून हसणार.

पिक्चरमध्ये हिरोला हे कधीच नसतं. त्याला बंदूक मिळते, घोडा मिळतो, तिकीट कोण काढतं दाखवत नाहीत.

२४ जाने., शुक्र.

आज पिक्चर बघितला नाही. लावला होता मराठी, साखर कारखान्याचा चेअरमन आणि त्याने मारलेल्या मास्तरचा मुलगा. मारायच्या आधी हिरो एवढं भाषण देतो की चेअरमनला पळून जायला वेळ होता. त्यात फोन वाजला. मुंबईचा नंबर, ओळखीचा नाही.

"मी संदेश."

मी नंबर परत बघितला.

"संद्या."

बाहेर जिन्यात आलो. मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं, पाच वर्षं, फ्रीजरमध्ये सगळं पाठ झालंय. त्याआधी तोच बोलला.

"निल्या, शिट्टी ऐकू आली होती मला."

जिन्यात कोणीतरी बादली घेऊन वर जात होतं, मी बाजूला झालो. तो पुढे म्हणाला, एकच जागा होती. तू जाणार होतास. माझ्या हातात पाय होता. एवढंच होतं डोक्यात. नंतर रोज वाटायचं येऊन सांगावं, मग तू गेलास.

मग म्हणाला, "तू ये. कान तुझाच आहे. नितीनला हात लावू देणार नाही. तू नाही आलास तर तो विधीच नको, भटजींना सांगून ठेवलंय."

मी विचारलं, रडतोयस काय रे. म्हणाला नाही. मी म्हटलं मग फोन ठेव.

पिक्चरमध्ये व्हिलन कबूल करतो तेव्हा हिरोच्या हातात काहीतरी असतं. माझ्या हातात मोबाईल होता आणि त्याची बॅटरी संपत आलेली.

२६ जाने., रवि.

दोन दिवस एकच विचार. आता माझ्याकडे आहे. त्याच्या तोंडचं आहे. रूपाला सांगितलं तर लग्न मोडतं. माणूस मुद्दाम दुसऱ्याचा पाय मोडतो, तो उद्या तुझा हात मोडेल, एवढंच म्हणायचं. आई पण परत "मेलो" म्हणायला लागेल. संद्या चाळीत तोंड दाखवू शकणार नाही. हे कानापेक्षा मोठं आहे.

सकाळी लावला फोन. सांगितलं. शब्दाला शब्द.

 मला वाटलं आता रडेल. तर मागून कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केला आणि म्हणाली,

"मला माहितीय. त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणून तर हो म्हटलं."

म्हणजे?

म्हणाली, बाकी सगळे बघायला येतात तेव्हा पगार सांगतात, फ्लॅट सांगतात. याने हे सांगितलं. म्हणाला आधी हे ऐक, मग उठून गेलीस तरी चालेल. लपवलं असतं तर नसतं केलं. आणि तुला त्याने स्वतः सांगितल्याशिवाय तारीख धरायची नाही, असं मी म्हटलं होतं. आईने घाई केली.

मी म्हटलं, म्हणजे तू माझ्या बाजूची की त्याच्या?

"तुझ्या बाजूची आहे म्हणून त्याला फोन करायला लावला ना, गाढवा."

शिव्या घातल्या तिला. तिने पण घातल्या. ठेवला.

सगळं काढून घेतलं माझ्याकडून. लग्न मोडायचं होतं, ते पण हिने आधीच वापरून टाकलं.

३१ जाने., शुक्र.

बिजूने आज माझं न ऐकता स्वतःच लावला. बर्फातला कुठलातरी, भाषा कळली नाही, खाली अक्षरं. मुलाच्या खुन्याला शोधत बाप येतो. खुनी मध्यंतराच्या आधीच दार उघडतो, म्हणतो मीच केलं, आत या. झालं. पुढे एक तास काय दाखवणार? खुन्याचं छप्पर गळत असतं. बाप शिडीवर चढतो आणि छप्पर ठोकायला लागतो. खिळे तोंडात धरून. खुनी खालून खिळे देतो. दोघं बोलत नाहीत. एकदा हातोडा वर जातो आणि बराच वेळ वरच राहतो.

सगळ्यात बेकार पिक्चर. जेवण गेलं नाही. बघावा की नाही ते लिहीत नाही. ज्याचा राग ताजा आहे त्याने तर बघूच नये.

युनूसभाई भांडी घासताना म्हणाले, तिकिटाचे मी देतो, सावकाश फेड, सुट्टीचं तू बघ. मी म्हटलं उपकार नकोत. म्हणाले उपकार कुठे, मला तो कान बघायचाय, फोटो पाठव.

पिळणार कसा ते मात्र अजून ठरत नाही. हात लावून सोडणार नाही एवढं नक्की. मुळापासून उचलला तर रूपा बघत असेल. आई बघत असेल. आणि संद्या तोंडातून आवाज काढणार नाही, हे मला माहितीय. तोच तर त्रास आहे.

२ फेब्रु., रवि.

अर्ज वरून आला नाही. सुपरवायझर म्हणतो बघू. आई विचारते येतोस ना, मी म्हणतो बघू.

संद्याचा मेसेज, हॉलचं मी भरून टाकू का, उद्या शेवटचा दिवस. उत्तर नाही दिलं. त्याने भरलेल्या हॉलमध्ये मी पाय ठेवणार नाही, गेलो तरी आणि नाही गेलो तरी. त्याचा एक रुपया लागता कामा नये. चहाचा पण नाही.

शिफ्टनंतर घरी पैसे पाठवायच्या एक्सचेंजवर गेलो, रांगेत उभा राहिलो, पाय दुखला. काचेमागच्याने विचारलं कोणाच्या नावावर, किती. रूपाच्या. साठ हजार.