चौथ्या पानावरची सही

आज गुरुवार, १४ मार्च. सकाळी सहाला उठलो, दाढी केली, कालची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. नऊ वाजता पहिल्या मजल्यावरच्या वकिलांकडे जाऊन मसुदा दाखवला. त्यांनी लाल पेनाने जवळजवळ निम्मा मजकूर खोडला आणि म्हणाले, "साहेब, मृत्युपत्रात घर कोणाला ते लिहायचं असतं. घरात काय घडलं ते नाही." खोडलेला मजकूर मी पुन्हा लिहून काढला आहे. दोन्ही साक्षीदार चार वाजता येणार आहेत. मेहुणीला साडेतीनची वेळ कळवली आहे, ती येईल की नाही सांगता येत नाही. उद्या सकाळी दहाला बँकेत कागद पोहोचले नाहीत, तर सोमवारी तिच्या दुकानाला, म्हणजे ती राहते त्याच खोल्यांना, कुलूप लागेल.

मी, वय बासष्ट, लिफ्ट तपासणी खात्यातून निवृत्त झालेला निरीक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. रक्तदाब गोळीने ताब्यात आहे, चष्म्याने नीट दिसते, मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझा मुलगा या कागदाच्या विरुद्ध आहे आणि ज्या बाईसाठी तो मुख्यतः लिहितो आहे ती माझ्याशी दोन महिने धड बोललेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. माझी पत्नी ९ जानेवारी रोजी वारली. रुग्णालयाच्या केसपेपर विभागात तिने सव्वीस वर्षे नोकरी केली आणि एकावन्नाव्या वर्षी सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासाला प्रवेश घेतला. शेवटच्या सत्राचा पहिला आठवडा चालू होता. वर्गात बसल्या बसल्या डोके धरले आणि दुसऱ्या दिवशी गेली. तिच्या नावावर शैक्षणिक कर्ज आहे. त्याला जामीन तिची धाकटी बहीण, शिवणकाम करणारी. जामीन मी नाही. हे असे का झाले ते लिहिल्याशिवाय पुढची कलमे वाचणाऱ्याला अन्यायाची वाटतील.

कलम दोन. विद्यापीठ नोकरी करून शिकायला येणाऱ्यांना अर्थसाहाय्य देते. फीचा दोन तृतीयांश भाग, परतफेड नाही. तिचे नाव यादीत पहिले होते. अर्जाच्या चौथ्या पानावर पतीचे उत्पन्न आणि पतीची सही हवी होती. गेल्याच्या गेल्या वर्षी ११ जूनला तिने तो अर्ज माझ्यापुढे ठेवला. मुदत ३० जूनची होती.

मी चौतीस वर्षे लिफ्टच्या दाखल्यांवर सह्या केल्या. दोर, ब्रेक, दाराची कडी, सगळे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कधी सही केली नाही. बांधकामवाले मला पाठीमागे "थांबासाहेब" म्हणत. आमच्या लग्नाच्या नोंदवहीत सही करायला मी अकरा मिनिटे घेतली, असे पत्नी पाहुण्यांना सांगत असे. "मला वाटलं, हे नवरीचा ब्रेक तपासतायत."

त्या अर्जातील सातव्या मुद्द्यात "कुटुंबाची इतर दायित्वे" असा शब्दप्रयोग होता. चालू दायित्वे की पुढे येणारीही, हे स्पष्ट नव्हते. खोटी माहिती दिल्यास साहाय्य रद्द, असे खाली लिहिले होते. मी विद्यापीठाला पत्र पाठवून खुलासा मागितला आणि अर्ज कपाटात ठेवला. तिने चार वेळा विचारले. चौथ्यांदा, २८ तारखेला, मी म्हणालो, "उत्तर आलं की करतो. घाईत केलेली सही नडते." उत्तर ४ जुलैला आले. त्यात एकच ओळ होती : दोन्हींपैकी काहीही लिहिले तरी चालेल.

तिने ते पत्र वाचले, घडी घालून मला परत दिले आणि म्हणाली, "अहो, लिफ्ट नव्हती ती."

त्यानंतर या विषयावर आमचे बोलणे झाले नाही.

कलम तीन. साहाय्य गेल्यामुळे तिने सगळ्या फीचे कर्ज काढले. बँकेतल्या मुलाने तिला पाहून "आजी, पेन्शनची रांग तिकडे" असे सांगितले. ती म्हणाली, "पेन्शनला वेळ आहे बाळा. मला विद्यार्थ्यांची रांग दाखव." त्या मुलाने नंतर तिला बरीच मदत केली, म्हणून त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. जामिनाच्या कागदावर मेहुणीने दुकानात उभ्या उभ्या सही केली, तोंडातल्या टाचण्याही काढल्या नाहीत असे म्हणतात.

कर्जासोबत विमा घेता येत होता. कर्जदाराचा मृत्यू झाला तर बाकी विमा भरतो. हप्ता फार नव्हता. पत्नी गेल्यावर तिची फाईल चाळताना मला तो अर्ज सापडला. नाव, जन्मतारीख, सगळे भरलेले. शेवटी "पतीची सही" ही चौकट कोरी आणि वर तिच्या अक्षरात, "विमा नको". तिने मला दुसऱ्यांदा विचारले नाही.

वकिलांनी सर्वांत आधी हा परिच्छेद खोडला होता. तो राहील.

कलम चार. माझे राहते घर, तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या एकट्याच्या नावावर आहे. मेहुणीचे नाव जामिनातून काढून माझे घालायला बँक तयार आहे. माझे वय पाहता घर तारण द्यावे आणि माझ्या पश्चात त्यावर वाद होणार नाही असे मृत्युपत्र जोडावे, अशी बँकेची अट आहे. त्याप्रमाणे लिहितो. माझ्या मृत्यूच्या दिवशी पत्नीच्या कर्जाची जी बाकी असेल ती प्रथम या घरातून फेडावी. उरेल ते माझ्या मुलाचे. मेहुणीकडे किंवा तिच्या दुकानाकडे कोणीही, कोणत्याही कारणाने, बोट दाखवू नये.

मुलाला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, मावशीनं सही केली ती तिच्या मर्जीनं. तुम्ही आता घर कशाला गुंतवताय?" मी म्हणालो, "ती सही माझी होती." तो म्हणाला, "मग आई असताना करायची." त्याने फोन ठेवला. त्याचे बरोबर आहे, तरीही कलम बदलणार नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी. रागावला तरी काम अर्धवट सोडणार नाही, आईवर गेला आहे.

कलम पाच. माझी बचत कर्जाच्या निम्म्यालाही पुरत नाही. मागच्या महिन्यात ती घेऊन मी मेहुणीकडे गेलो होतो. बँकेची नोटीस आल्याचे तिने मला कळवले नव्हते, तिच्या गिऱ्हाइकाकडून कळले. ती मशीनवरून उठली नाही. "भाऊजी, पैसे उचला," म्हणाली. "ताईला तुमची सही हवी होती, ती मिळाली नाही. मला तुमची भीक नको." म्हणून ही बचत तिला देत नाही. मी जिवंत असेपर्यंत या बचतीतून हप्ते जातील. त्यातून काही उरले तर ते विद्यापीठाला द्यावे आणि पंचेचाळीस वर्षांपुढच्या एखाद्या विद्यार्थिनीच्या फीला लावावे. अट एवढीच की अर्जावर पतीच्या सहीची जागा नसावी. शंका असेल तर अर्जदार बाईला बोलावून विचारावे, पत्र पाठवू नये.

कलम सहा. कारखान्यांत हाताला होणाऱ्या जखमांवर पत्नीने भरलेली कार्डे, खोक्यांची संख्या चार, तिच्या बाकावर बसणाऱ्या मुलीला द्यावीत. ती त्यांच्यावर प्रबंध पुरा करणार आहे. कार्डे तपासायचा मोह मला झाला. सतराव्या कार्डावर थांबलो.

कलम सात. माझी हत्यारे, म्हणजे पानेसंच, दोराची जाडी मोजायचे माप आणि बॅटरी, माझ्याबरोबर काम केलेल्या मेकॅनिकला. माझी लांब शिडी दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे सहा वर्षे आहे. ती त्यांनी मेकॅनिकला द्यावी. माझी होती हे त्यांना आठवत नसेल तर आतल्या बाजूला माझ्या खात्याचा क्रमांक कोरलेला आहे.

येथे मृत्युपत्र संपले. दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही केली, मग माझ्या व एकमेकांच्या समोर त्यांनी केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

स्थळ : माझे राहते घर, पुढची खोली.
दिनांक : १४ मार्च, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे.
सही : मृत्युपत्र करणारा
साक्षीदार पहिला : दंतवैद्य, तळमजला (सही)
साक्षीदार दुसरा : निवृत्त पोस्टमास्तर, समोरची इमारत (सही)

पुढील नोंद मृत्युपत्राचा भाग नाही.

मेहुणी साडेचार वाजता आली. साक्षीदार तोवर अर्धा तास बसून होते. जामीन बदलण्याच्या अर्जावर तिचीही सही लागते. मी अर्ज आणि पेन पुढे केले. ती म्हणाली, "आधी ते वाचते." आणि मृत्युपत्र उचलून खिडकीपाशी बसली.

ती सावकाश वाचते. एकेका ओळीखाली बोट धरून. दंतवैद्यांनी घड्याळ पाहिले, त्यांचा रोगी खोळंबला होता. पोस्टमास्तर मला हळूच म्हणाले, "आता कळलं का, वाट पाहणं काय असतं?" कलम दोनपाशी ती थांबली, मागे गेली, पुन्हा वाचले.

"हे लिफ्टचं ताईनं मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण हसत हसत सांगितलं होतं. पोट धरून हसलो होतो आम्ही दोघी."

मला हे माहीत नव्हते.

"आणि विम्याचं?" मी विचारले.

"ते नाही सांगितलं." तिने पान उलटले. शेवटपर्यंत वाचून कागद टेबलावर ठेवला. "मी तुम्हाला माफ केलं असं यात कुठे लिहू नका."

"नाही लिहिलं."

"दुकानात अकरा जणींचे कपडे अडकलेत. नाहीतर केली नसती." तिने अर्जावर सही केली. पेन परत देताना म्हणाली, "तुमची करा आता."

मी केली. मग मृत्युपत्रावर केली. साक्षीदारांनी केल्या. कोणी चहा घेतला नाही. सव्वापाचला सगळे गेले.

अर्ज, मृत्युपत्र आणि घराचे कागद एका पाकिटात घातले. बँक इथून चालत वीस मिनिटांवर आहे, साडेनऊला निघेन. मग पांढरा शर्ट धुतला, पिळला आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातला.